संत्र्याची बाग धरून, की सोडून?

विनू, तुला जाऊन अठरा दिवस झाले आणि तुझ्या शाळेतून फोन आला. मी बागेत पाण्याचे पाइप हलवत होते. तुमच्या प्राचार्य मॅडम होत्या. "दीदी, सर का जो ग्राफ है ना दीवार पर, उसको नया पेंट करवा रहे हैं. ऊपर काँच लगाएँगे, बगल में सर का फोटो. परमानेंट यादगार." मग मराठीत म्हणाल्या, "शनिवारी तुम्ही आणि सुनीताताई या. तुमच्याच हातून उद्घाटन करू."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पाइप तिथंच टाकून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले आणि तुला मनसोक्त शिव्या दिल्या. कारण तो ग्राफ चुकीचा आहे, हे सगळ्या पांढुर्ण्यात दोनच माणसांना माहीत होतं. एक तू, आणि तू निघून गेलास. दुसरी मी, आणि मी राहते सौंसरला. आता त्या चुकीवर काच बसणार, बाजूला तुझा हार घातलेला फोटो लागणार आणि पुढची पंचवीस वर्षं नववीची पोरं ती चूक वहीत उतरवून घेणार. सरांची आठवण म्हणून.

तुझ्यावर स्मृतिलेख लिहा, असं दोघातिघांनी सांगितलं. तू कुठं शिकलास, किती वर्षं नोकरी केलीस, किती मनमिळाऊ होतास, हे लिहायला इतर लोक आहेत. मनमिळाऊ तर तू नव्हतासच. मला त्या भिंतीबद्दलच बोलायचं आहे, कारण आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलं.

नववीच्या वर्गाबाहेरची ती भिंत तू स्वतः रंगवली होतीस. ऑइल पेंटनं. भारताची रेघ हिरवी, ब्राझीलची लाल. ब्राझीलचं जंगल आपल्यापेक्षा कितीतरी मोठं, मग दोन रेघा एका भिंतीवर मावायच्या कशा? म्हणून सुरुवातीच्या वर्षी तू दोघांनाही शंभर धरलंस. एकाच ठिपक्यातून दोन रेघा निघतात, हिरवी हळूहळू वर चढते, लाल खाली उतरत जाते. वर मोठ्या अक्षरांत 'वन क्षेत्र : भारत और ब्राज़ील'. नवा अहवाल आला की तू स्टुलावर चढून पुढचा ठिपका द्यायचास. स्टूल धरायला बायको, सुनीता. घरचा बल्ब बदलायला तुला सहा महिने लागायचे.

मला त्या रेघांशी काही देणंघेणं नव्हतं. मी बारावी शिकलेली, लग्न होऊन बागायतीत पडलेली. पण तू दरवर्षी गोटमारीच्या दिवशी माझ्याकडे यायचास. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले की तुला पांढुर्ण्यात थांबवत नसे. बसमधून उतरल्या उतरल्या तुझं एकच सुरू व्हायचं, "यंदा बी पळस तोडून आणला, ताई. नदीत रोवाले. एवढं उभं झाड!" लोकांची डोकी फुटतात त्याबद्दल एक शब्द नाही. त्या एका पळसासाठी मात्र तू जेवेपर्यंत हळहळायचास.

गेल्या वर्षीच्या गोटमारीला तसाच आलास, बगलेत अहवालाची झेरॉक्स. त्याच दिवशी संत्र्याचे व्यापारी रफीकभाई बाग पाहायला आलेले. आमचा माल दरवर्षी तेच झाडावर घेतात. ते बागेत फिरून आले आणि अंगणात बसून त्यांच्या कागदावर लिहू लागले. "वहिनी, पटवारीच्या खसऱ्यात साडेपाचशे झाडं हायत. मी चारशे धरून राहिलो."

तू मध्येच बोललास. "काहून? दीडशे झाडं हवेत गेली का?"

"मास्टरजी, जो पेड़ फल नहीं देता, वो मेरे लिए पेड़ नहीं," रफीकभाई म्हणाले. "पटवारी उभं झाड मोजते, मी फळावरचं मोजतो. म्हणून कागदावर लिहून ठेवतो ना, फळावरची चारशे. नंतर कटकट नको."

तुला गंमत वाटली. तू हसत होतास, आणि मी सहज विचारलं, "विनू, तुझ्या जंगलात झाड कोण मोजते?"

असा प्रश्न विचारला की तुझा चेहरा कसा व्हायचा! चहाचा कप हातात धरून तू मला वर्गातली पोरगी समजून सांगायला लागलास. आपल्या देशाच्या अहवालात वरून पाहतात, उपग्रहातून. जागा एक हेक्टर तरी पाहिजे आणि तिचा दहावा हिस्सा तरी झाडांच्या माथ्यांनी झाकलेला पाहिजे. बस.

"झाड कोणतं?"

"कोणतंही."

"जमीन कोणाची?"

"कोणाची बी असो."

मी बागेकडं पाहिलं. पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर. झाडाला झाड लागलेलं. "मतलब हे बी?"

तूही पाहिलंस. कप खाली ठेवलास.

"अन् ब्राझीलचे आकडे?"

"ते जगाच्या अहवालातले."

"त्याच्यात बागा धरतात का?"

तू झेरॉक्सची पानं उलटत राहिलास. वाचायची गरज नव्हती, तुला पाठ होतं. मग इतक्या हळू बोललास की रफीकभाईंना ऐकूच गेलं नाही. "क्या बोले, मास्टरजी?"

"फळबागा सोडून," तू म्हणालास.

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मला गप्प बसता येत नाही, हे तू लहानपणापासून जाणतोस. मी म्हटलं, "ब्राझीलमध्ये आपल्याहून जास्त संत्रा होते, हे तूच मले सांगत असते ना? मग त्यांचा संत्रा सोडला अन् आपला धरला. अन् माझ्या सासऱ्यानं कपाशी मोडून संत्रा लावला, त्याच्यानं देशाचं जंगल वाढलं. वा रे मास्तर!"

रफीकभाई खो खो हसले. मीही हसले. तू उठलास, झेरॉक्स बगलेत घातलीस आणि न जेवता बसस्टँडवर गेलास. भरीत केलं होतं तुझ्यासाठी. दोन दिवस मीच खाल्लं.

विनू, मी चुकीचं बोलले नव्हते. पण रफीकभाईंसमोर बोलायला नको होतं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणणार होते असंही नाही.

भाऊबीजेला तू आलास. पाटावर बसलास. मी ओवाळलं, तेव्हा तबकात पाकीट न टाकता म्हणालास, "ताई, यंदा साडी आणली नाही. म्हणशील तर आणतो. पण मले एक शनिवार दे."

"कशाले?"

"शाळेत ये. रफीकभाई कसा मोजते अन् पटवारी कसा मोजते, ते पोरांना सांग. नववीले."

"तूच सांग ना."

"मी सांगितलं तर पोरं लिहून घेतात. तू सांगितलं तर ऐकतीन."

एवढं बोललास. पण 'ताई, तुझं बरोबर होतं' हे चार शब्द काही तुझ्या तोंडातून निघाले नाहीत. मी तेच ऐकायला थांबले होते. ते आले असते तर मी पुढच्याच शनिवारी आले असते, इतकी मी क्षुद्र आहे. ते आले नाहीत, म्हणून मी म्हटलं, पाहू. मग तोडणी सुरू झाली. मग गाड्या भरायच्या होत्या. मग शेणखत. मग नणंदेकडचं लग्न. दर आठवड्याला तुझा फोन. "या शनिवारी जमते का?" मी म्हणायची, "तुले काय, शनिवारी अर्धी शाळा. मले कोणता शनिवार?"

आणि दरम्यान तू ती बरोबर रेघ शोधत बसलास. महिनोन् महिने! तुझे फोन मला आठवतात आणि आजही डोकं उठतं.

"ताई, मी म्हटलं, भारताचा आकडा बी जगाच्याच अहवालातून घेऊ. मतलब दोन्ही एका मापाचे होतीन."

"मग घे."

"पण त्या अहवालाले बी प्रत्येक देश आपला आकडा आपणच पाठवते. आपण पाठवला त्याच्यातून बागा वेगळ्या काढल्या का नाही, मले कुठीच लिहिलेलं सापडून नाही राहिलं."

"मग सोड."

"सोडू कसा? भिंतीवर आहे."

"पुसून टाक."

"पुसू कसा? पोरं पाहून राहिली ना."

"मग काय करशील?"

"तेच तर विचारून राहिलो तुले."

मी फोन ठेवून द्यायची. मला वाटायचं, माणसाला कामं नसली की असं होतं. त्या वेळी शांतपणे दोन मिनिटं विचार केला असता, तर तुला सांगता आलं असतं. उत्तर माझ्या अंगणात, माझ्याच डोळ्यांसमोर लिहिलं गेलं होतं. पण मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं, मला तुझ्याकडून कबुली हवी होती.

उन्हाळ्यात मी डिंक्या लागलेली दीडशे झाडं काढली. खोडातून डिंक गळत होता, साल सुटत होती, औषधं करून झाली होती. ट्रॅक्टर लावून मुळासकट उपटली. कोणीतरी तुला कळवलं. दुपारच्या बसने आलास, उघड्या जमिनीसमोर उभा राहिलास आणि ओरडायला लागलास.

"ताई, तू विचारलं बी नाही मले?"

"तुले काय विचारायचं? बाग माझी."

"एवढं उभं झाड…"

"रोगट झाड. अन् तूच ठरवलं ना, बाग म्हणजे जंगल नोहे? मग मी जंगल कुठी तोडलं?"

तू आभाळाकडं पाहिलंस. म्हणालास, "पुढच्या अहवालाच्या वेळी वरून पाहतीन, तर इथं मोकळं दिसन. आपली रेघ खाली येईन."

मी म्हटलं, "तुझ्या भिंतीवरच्या रेघेसाठी मी रोगट झाडं पोसू काय?"

त्यावर तू हसलास. का हसलास ते मला कळलं नाही. म्हणालास, "नवीन लावशीन ना पण?" मी म्हटलं, पाहू. तू गेलास. त्यानंतर फोनवर बोललो, पण तुला पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. सहा आठवड्यांनी सुनीताचा फोन आला, छातीत दुखून राहिलं म्हणतात, नागपूरला नेतो आहोत. मी सौंसरच्या स्टँडवर उभी राहिले, गाडी इथूनच जाणार म्हणून. ती त्याआधीच पुढं निघून गेली होती; मला दिसली ती नागपूरच्या बाजूने परत येताना. याच्यापुढचं मला लिहायचं नाही.

तर शनिवार. तू आठ महिने मागत होतास तो. सकाळच्या बसने पांढुर्ण्याला आले. आधी तुझ्या घरी गेले. सुनीताला सगळं सांगितलं, ग्राफ चुकीचा आहे, काच बसायच्या आधी बोलायला पाहिजे, आणि बोललं तर तुझ्या नावाला बट्टा लागेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत आहे."

"त्यानं सांगितलं तुले?"

"सांगितलं नाही. पण यंदा वार्षिक परीक्षेच्या उत्तराच्या कॉप्या तपासत होते ना. त्या रेघांचा एक प्रश्न असते दरवर्षी, पाच मार्कांचा. यंदा सगळ्यांना पाचच्या पाच दिले. एका पोरीनं कोरा सोडला होता, तिले बी दिले. मी म्हटलं, काहून हो? तर म्हणे, या प्रश्नाचे मार्क मी कापू शकत नाही."

मग तिने विळी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "चला."

विनू, मला दहा महिने जे चार शब्द हवे होते, ते तू सगळ्या वर्गाला पाच-पाच मार्क देऊन म्हणून टाकलेस. फक्त मला सोडून! मी तर परीक्षेला बसलेही नव्हते. तुझ्या या स्वभावाला काय म्हणावं ते मला अजून ठरवता येत नाही.

शाळेत पेंटर डबे उघडून बसला होता. हिरवी रेघ अर्धी नवी करून झाली होती. मी प्राचार्य मॅडमना थांबवलं आणि सगळं समजावलं. त्या चांगल्या बाई आहेत, त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. "दीदी, मग पूरा मिटा दें? तिथं नुसता फोटो लावू?"

"मिटवू नका."

"मग गलत राहू द्यायचं? लोग क्या कहेंगे? इतक्या वर्षांत सरांच्या हाताखालून किती मुलं गेली."

"रेघा राहू द्या. रेघा गलत नाहीत. आपण काय मोजलं तेवढं खाली लिहा."

हे माझ्या तोंडातून निघालं आणि मीच थांबले. इतकं साधं होतं. रफीकभाई दरवर्षी लिहितात तसं. तू बरोबर रेघ शोधत राहिलास. ती कुठल्या कागदावर असेलच तर असो, आपल्याला सापडली नाही. पण सापडली नाही तोवर, आहे ती रेघ कशाची आहे एवढं लिहायला कोणाची हरकत होती? एका शनिवारचं काम. तू मला बोलावत होतास, आणि मी शेणखत टाकत होते.

मॅडम अजून घुटमळत होत्या. "सर की याद में लग रहा है, और उसी में लिखना कि…"

सुनीता पेंटरला म्हणाली, "भाऊ, काळा रंग आहे का? सुरू करा. ताई सांगतात तसं."

मी सांगितलं, त्यानं हिंदीत लिहिलं. भारत : संतरे के बगीचे जोड़कर. ब्राज़ील : संतरे के बगीचे छोड़कर. दोन ओळी. काच लावू नका असंही मी सांगितलं; पुढचा ठिपका द्यायला कोणीतरी स्टुलावर चढेल. फोटो वर्गाच्या दारावर लावला.

एवढं झाल्यावर मी निघणार होते. पण मॅडम म्हणाल्या, पोरांना तुम्हीच समजावून सांगा, मला नाही जमणार. म्हणून मी नववीच्या वर्गात उभी राहिले, जिथं तू मला उभं करू पाहत होतास. चाळीस-पंचेचाळीस पोरं-पोरी. मी पटवारी सांगितला, रफीकभाई सांगितले, उपग्रह सांगितला. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर हे सांगितलं. पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मग सर चुकले होते?"

मी म्हटलं, "हो." मागची पोरं दारातून वाकून भिंतीकडं पाहायला लागली. मी म्हटलं, "चुकले, अन् त्यांना कळलं बी होतं. म्हणूनच यंदा तुमच्या पुढच्या वर्गाला सगळ्यांना पाच-पाच मार्क पडले." कोणीतरी मागून "अरे, तरीच दादाले पडले!" म्हणालं आणि सगळे हसले.

मग जे सुरू झालं ते मला आवरेना. अर्धी पोरं बागवाल्यांची. "आमची चार एकर आहे, आमची धरली का?" "आमची तिगावले आहे, स्टेशनच्या मागं. धरली का?" "आमचा संत्रा नाही, मोसंबी आहे. मोसंबी चालते का?" एका पोराची बाग दोनच एकर निघाली. मी म्हटलं, तुमची नाही धरत. त्याचं तोंड इतकं उतरलं की देशाच्या जंगलातून मी त्याच्या बापाचं नाव कापलं असं मला वाटलं.

तेव्हा ती पहिल्या बाकावरची पोरगी पुन्हा उठली. "पण मॅडम, त्याची बाग अन् आमची बाग लागूनच आहे. मधात फक्त धुरा. आमची दोन, त्याची दोन. वरून पाहिलं तर धुरा दिसन का? का एकच बाग दिसन?"

मी खडू उचलला. चारी बाजूंनी पोरं माझ्याकडं पाहत होती. तुला ते उत्तर माहीत होतं, की तूही झेरॉक्स उलटत बसला असतास, हे आता मला कधीच कळणार नाही. इतक्या दिवसांत मी बरीच रडले आहे. सुनीताला धरून, एकटी, बागेत. पण तिथं खडू हातात घेऊन उभी असताना रडू आलं नाही. तुझा असा राग आला की दाराबाहेर असतास तर कान धरून आत आणला असता, बस, सांग आता या पोरीला.

मी म्हटलं, "मला माहीत नाही. शोधून सांगते."

"कधी?" ती म्हणाली. वर दटावत असल्यासारखी उभीच राहिली.

"पुढच्या शनिवारी," मी म्हटलं.

विनू, आता मला तो अहवाल वाचावा लागणार. नवी दीडशे कलमं लावायला खड्डे खणून तयार आहेत, माणसं मिळत नाहीत, आणि मी शनिवारी सकाळी पांढुर्ण्याची बस धरणार आहे, धुरा वरून दिसतो की नाही ते सांगायला. हे काम तुझं होतं.